जस्ताच्या तारा

"विज्ञानाच्या वाटचालीत लहानथोर असा भेद नसतो, प्रत्येकाचं योगदान मोलाचं असतं," असं विभागप्रमुख नव्या विद्यार्थ्यांना सांगत होते, तेव्हा प्राणिगृहाचे शिपाई, ज्यांना सगळे उंदीरमामा म्हणत, त्यांच्या पायाशी बसून योगदान देत होते. म्हणजे पिंजऱ्याखालच्या ट्रेमधल्या लेंड्या खरवडत होते.

"सर, जरा पाय."

सरांनी पाय उचलला आणि वाटचाल पुढे चालू ठेवली.

प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात मामांची सव्वीस वर्षं गेली होती. सध्या तिथे मॅडमचं राज्य होतं. मॅडम डॉक्टरेट करत होत्या आणि त्यासाठी बारा उंदरांना जस्त सोडून बाकी सगळं खायला घालत होत्या.

"जस्त नसलं ना मामा, की आतड्याचं अस्तर झिजतं. जुलाब लागतात. त्या जुलाबातून होतं नव्हतं ते जस्तही जातं, मग आणखी जुलाब. वर पेशींना आतून गंज चढतो तो वेगळाच."

"लोखंडासारखा?"

"साधारण. प्रबंधात त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणायचं."

"म्हणा की. गंजाला काय फरक पडतोय!"

मॅडमनी एकच गोष्ट बजावली होती. माळ्यावरचे जुने पिंजरे काढायचे नाहीत, हे बारा उंदीर स्टीलच्याच पिंजऱ्यात राहतील. "जुन्यांच्या तारांवर जस्त चढवलंय. उंदीर त्या चाटतील आणि माझी दोन वर्षं चाटून टाकतील."

सहाव्या आठवड्यात मामांनी नऊ नंबरला वजनासाठी तळहातावर घेतलं. डोळ्यांभोवतीचे केस गळालेले, तोंडाचे कोपरे चिरलेले, मागची बाजू बरबटलेली. मामांनी दाणा नाकाशी धरला. त्याने हुंगला आणि तोंड फिरवलं.

हे तोंड फिरवणं मामांनी सकाळीच पाहिलं होतं. चहाच्या कपापलीकडे.

तीन वर्षांपूर्वी बायकोच्या आतड्याला पीळ पडला होता. सर्जनने हातभर आतडं कापून काढलं आणि जीव वाचवला. तेव्हापासून जुलाब लागले ते लागलेच. ओठांचे कोपरे चिरले, त्याचं खापर दोघांनी हवेवर फोडलं. केस गळले, ते वयावर. अन्नाची चव गेली, ती मात्र सरळ मामांवर, कारण स्वयंपाक आता तेच करत.

"अहो, हा भात आहे का कापूस?"

"कापूस महागलाय. भातच आहे."

ती हसायची, दोन घास खायची आणि ताटली सरकवायची. मामा दुसऱ्या दिवशी मीठ चिमूटभर वाढवत. असं करत करत ते चमच्यावर आले होते. आपला वाटा ते जास्तीचं मीठ घालण्याआधीच वेगळा काढून ठेवत.

त्या संध्याकाळी मामा तिला घेऊन नेहमीच्या डॉक्टरकडे गेले.

"डॉक्टर, हिला जस्त कमी पडत असेल का हो?"

"कोण म्हणालं?"

"नऊ नंबर."

"कोण नऊ नंबर?"

"उंदीर."

डॉक्टरने चष्मा काढला. "असं करा मामा, तुम्ही उंदरांना बरं करा. बायकोचं मी बघतो." आणि त्याने त्याच जुन्या, जुलाब थांबवायच्या गोळ्या पुन्हा लिहून दिल्या.

"मला उंदरांच्या रांगेत बसवलंत होय?" बाहेर आल्यावर बायको म्हणाली. "बसवा. त्यांचं रोज वजन तरी होतं."

मामांनी डॉक्टरचा सल्ला शब्दशः पाळला. शनिवारी दुपारी माळ्यावर चढून जुने पिंजरे उतरवले आणि बाराच्या बारा उंदीर त्यांत सोडले. सव्वीस वर्षांत त्यांनी मोडलेला हा पहिला नियम. उंदरांनी रात्रंदिवस तारा चाटल्या. दोन आठवड्यांत लेंड्या घट्ट झाल्या. नऊ नंबर दाण्यासाठी शेजाऱ्याशी भांडायला लागला.

वाचनालयात मुक्काम ठोकलेल्या मॅडम तेव्हा कुठे खाली उतरल्या.

"मामा! हे पिंजरे कुठले?"

"माळ्यावरचे."

"तुम्हाला बजावलं होतं मी! चुकून झालं ना? चुकून झालं म्हणा."

सुटकेचं दार उघडं होतं. मामा त्यातून गेले नाहीत.

"मुद्दाम केलं. बरे होतात का ते बघायचं होतं."

"त्यासाठी माझी दोन वर्षं?"

"घरी बायकोचं सेम आहे, मॅडम. तोंड, केस, पोट. डॉक्टर ऐकत नाही. उंदरांना पिंजरा तरी मिळाला. तिला कुठल्या पिंजऱ्यात ठेवू?"

मॅडम स्टुलावर बसल्या. थोडं रडल्या. दोन वर्षांसाठी की दुसऱ्या कशासाठी, हे मामांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मामांच्या घरी आल्या आणि बायकोला मोठ्या इस्पितळात घेऊन गेल्या. रक्तातलं जस्त हवं त्याच्या निम्मंही नव्हतं. संध्याकाळी गोळ्या सुरू झाल्या.

तेराव्या दिवशी बायकोने पहिला घास घेतला आणि डोळे वटारले.

"अहो! केवढं मीठ! मारताय का मला?"

मामा तिच्या ताटलीवर वाकले.

"खारट लागतंय?"

"लागतंय? समुद्र ओतलाय! रोज असलं खायला घालत होतात?"

"रोज," मामा म्हणाले आणि नळ सोडून तोंड धुवायला लागले. बराच वेळ धूत राहिले. मग आपल्या वाट्याचा भात त्यांनी तिच्या ताटलीत वाढला. तिने सगळा संपवला, तोंडाचा पट्टा चालूच ठेवून.

त्यानंतर पाचव्या दिवशी तिला ताप चढला. मोठ्या इस्पितळातला डॉक्टर सभ्य होता. आतड्याची भिंत फार दिवस पातळ राहिली, त्यातून जंतू रक्तात गेले, असं त्याने नीट समजावलं. "चार-सहा महिने आधी सुरू केलं असतं तर..." म्हणाला आणि थांबला.

चार-सहा महिन्यांपूर्वी नऊ नंबर जन्मलाही नव्हता. बायकोचं तोंड मात्र तेव्हाच चिरलेलं होतं. उंदरांची तोंडं मामा रोज भिंगातून तपासत. हे तोंड रोज समोर बसून त्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होतं, आणि ते मीठ वाढवत होते.

कॉटशेजारी बसून त्यांनी तिच्याकडे वाकून पाहिलं. ओठांचे कोपरे पूर्ण भरून आले होते. तापाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मृत्यूच्या दाखल्याच्या खिडकीवर कारकुनाने कागद पुढे केला. "वाचून सही करा."

मामांनी वाचलं. "हृदय बंद पडलं, असं लिहिलंय."

"हो."

"ते शेवटी सगळ्यांचंच पडतं, साहेब. त्याच्या आधीचं लिहा की. जस्त कमी होतं. आतडं झिजलं होतं. मग जंतू..."

"मामा, एवढं मावायचं नाही. एकच ओळ आहे."

मामांनी चष्मा पुसून पाहिलं. एकच होती.