स्वच्छ कार्डं

बाटल्या भरण्याचं नवं यंत्र अजून खोक्यातच होतं. त्याच्या पडद्यावर सगळं चिनी. साहेबांनी त्यातल्या ऐंशी अक्षरांची अर्थासकट यादी आमच्या हातात ठेवली. "महिन्याने विचारणार. ज्याला जास्त येतील, तो यंत्रावर. दुसऱ्याला मग इथे काम नाही."

आम्ही दोघंच होतो, मी आणि मामा. मामाला त्या कारखान्यात बावीस वर्षं झाली होती. मला सात महिने, तेही त्याच्या शब्दावर. राहायचेही त्याच्याकडेच.

मी पुठ्ठ्याची ऐंशी कार्डं केली. पुढे अक्षर, मागे अर्थ. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी मामाला विचारायचे, मग तो मला. दोघांचे आकडे मी वहीत टिपायचे. तिसऱ्या आठवड्यात मामा एकोणऐंशीवर पोचला. मी प्रत्येक अक्षर वीस-वीस वेळा लिहून एकसष्टवर अडकलेली.

"अगं, ऐकलंस का?" मामाने मामीला हाक मारली. "डिग्रीवाल्यांचं घोडं एकसष्टवर अडलंय!"

"तिला चिडवू नका हो."

"चिडवतोय कुठे? शास्त्रज्ञबाई, आमची शिकवणी लावा. भाचीला फी माफ."

मी हसले. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. 'थांबा'चं कार्ड मी पुरतं वर करायच्या आधीच मामा "थांबा" म्हणाला होता. त्या कार्डावर चहाचा गोल डाग होता. 'भरली'चा कोपरा दुमडलेला होता. 'झाकण'वर शाईचं बोट उमटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी 'थांबा' नव्या पुठ्ठ्यावर लिहून गठ्ठ्यात सरकवलं. मामा बघत राहिला. "हे नवीन आहे का गं?" तिसऱ्या दिवशी जुनं ठेवलं, "थांबा". चौथ्या दिवशी पुन्हा नवं, पुन्हा अडला. आणखी पाच अक्षरांवर हेच करून पाहिलं. सहापैकी सहा. मामा अक्षरं वाचतच नव्हता, पुठ्ठे ओळखत होता. त्याला स्वतःला याचा पत्ता नव्हता.

परीक्षेला नऊ दिवस होते. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी ते वहीत लिहिलं, तारीख घातली आणि वही मिटली.

साहेबांनाही चिनी येत नव्हतं. "तुमचीच कार्डं आणा, मागचा अर्थ बघून मी गुण देतो," त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं. सकाळी डबा भरताना मी मामाला म्हणाले, "कार्डं फार मळलीत. ऐंशीच्या ऐंशी नव्याने लिहिलीत."

मामाने गठ्ठा उलटसुलट करून पाहिला. "बरं केलंस. साहेबांसमोर घाण दिसलं असतं." जाताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

माझे चौसष्ट आले. मग मामा खुर्चीत बसला. पहिल्या कार्डाला त्याने डोळे बारीक केले. दुसरं हातात मागून घेतलं, कडांवरून अंगठा फिरवला, खिडकीकडे धरलं. पाचव्याला त्याचा कानामागचा भाग लाल झाला.

"काय हो, महिनाभर काय झोपा काढल्या?" साहेब म्हणाले.

"येतं मला, साहेब. घरी सगळं येतं. हिला विचारा ना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "येत होतं," मी म्हणाले. ते खरंच होतं.

ऐंशीपैकी सात.

संध्याकाळी मामाने जुना गठ्ठा काढला आणि मामीच्या हातात दिला. "विचार." मामीने कार्डं पिसली, एकेक वर धरलं. थांबा. भरली. झाकण. उघडा. गळती. एकही चुकलं नाही. मी पोळीचा घास हातात धरून मोजत होते.

"अहो, ऐंशीच्या ऐंशी!" मामीचा आवाज चढला. "मग त्या मेल्या साहेबाने का काढलं तुम्हाला?" ती माझ्याकडे वळली. "तू रोज तपासायचीस ना गं? सांग की."

"साहेबांसमोर घाबरला असेल मामा."

मामाने मान हलवली. त्याला ते पटलं. जरा वेळाने म्हणाला, "दुसरीकडेही अशी यंत्रं येतीलच. मी सोडणार नाही. मला आणखी वीस करून देशील?"

रविवारी मी वीस नवी कार्डं लिहिली. देण्याआधी प्रत्येकाचा कोपरा वेगवेगळा दुमडला.