मनगटावरचा हिरवा उजेड

मित्रांनो, मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे. जुनं म्हटल्यावर तुम्हाला भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ आठवेल, पण तसा मी नाही. आमच्या जातीत म्हातारपण फार लवकर येतं. काच ओरखडली, बॅटरी दम टाकू लागली, की आमची रवानगी अडगळीत. माझी काच ओरखडली आहे आणि बॅटरीचंही काही खरं नाही. तरी मला अजून कामावर ठेवलंय, त्याअर्थी माझ्यात थोडाफार जीव आहे असं समजायला हरकत नाही.

वेळ सांगणं हा माझा जोडधंदा. माझं खरं काम पाठीमागे चालतं. माझ्या पाठीला एक बारीक हिरवा दिवा आहे. तो मनगटाच्या कातडीत उजेड टाकतो, आणि आतून रक्त कसं उसळत जातं ते त्या उजेडावरून मला कळतं. माणूस किती चालला, किती निजला, त्याचं काळीज शांत होतं की धावत होतं, हे सगळं मी पोटात साठवून ठेवतो. साठवून ठेवतो एवढंच. ते तुम्ही नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

लांबच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून खोक्यात बसून मी कलबुर्गीला आलो. तिथे काही शिकलेल्या मंडळींनी एक अभ्यास काढला होता. खेड्यातल्या कष्टकरी माणसांची काळजं कशी चालतात, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. काम चांगलंच होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. खोक्यातून काढल्यावर साहेबलोकांनी माझं फार कौतुक केलं. मी मात्र एका गोष्टीने जरा खट्टू झालो. माझे काही भाऊबंद काळजात गडबड दिसली की मालकाचं मनगट थरथरवून त्याला सावध करतात. माझं ते तोंड अभ्यासवाल्यांनी बंद करून टाकलं. लोकांनी उगाच धास्ती घेऊ नये आणि रोजच्यासारखंच वागावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला घेऊन गावात आली ती दीपमाला. भालकीकडची शेतकऱ्याची पोर, पायाला भिंगरी लावल्यासारखी गावोगाव फिरून आमच्यासारखी घड्याळं लोकांच्या हाताला बांधायची. महिन्यातून एकदा परत यायची, मला आपल्या मोबाईलला जोडायची आणि माझ्या पोटातलं सगळं काढून पुढे पाठवायची. तोवर ते माझ्यापाशीच. पुढे पाठवलेलंही लगेच कोणी उघडत नसे. सगळ्या गावांचं गोळा झालं की मग एकदम बसून बघायचं, असं ठरलेलं होतं.

भालकीहून उदगीरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात सुगंधाबाई राहायच्या. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं घर. आता मेंढरं पाच-पंचवीस उरली होती, बाकी कोरडवाहू सोयाबीन आणि तूर. मुलगा नागराज बिदरजवळच्या कोळारला गोदामात कामाला, तो सुट्टीला यायचा. घरात सुगंधाबाई आणि सून रूपा. दोघींचं दिवसभर वाजायचं आणि एकीवाचून दुसरीला घास जायचा नाही.

पहिल्या दिवशी दीपमालाने कानडीतला कागद मराठीत सांगायला घेतला. हे औषधपाणी नव्हे, यातून तुम्हाला उपचार मिळणार नाहीत, असं त्यात लिहिलेलं होतं. पण बाहेर उन्हं कलली होती, बरीच घरं राहिली होती, आणि माणसं कमी भरली म्हणून वरून बोलणी बसत होती. दीपमालाने कागद भराभर उरकला. सुगंधाबाईंनी हात पुढे केला, मग मध्येच थांबवला.

"बाई, मी हे घातल्यावर तकडं कोणी बघतंय का?"

दीपमाला मला बांधण्याच्या घाईत होती.

"बघत्यात की मावशी. मोठे डॉक्टर बघत्यात."

म्हातारीचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! नवरा छातीत कळ येऊन गेला तेव्हा गावात बघायला डॉक्टर मिळाला नव्हता. त्या दिवसापासून ते मनगट उघडं होतं, बांगड्या उतरल्या त्या उतरल्या. त्या जागेवर आता मी बसलो.

खोटं सांगत नाही, मित्रांनो, इतका मान मला पुन्हा कुठे मिळाला नाही. सुगंधाबाई बोलताना माझा उल्लेख "आमचे डॉक्टर" असा करायच्या. अंघोळीपुरता मी हातातून निघायचो, तेव्हा माझी जागा देवाच्या फळीवर. दुपारी डोळा लागायच्या आधी त्या मला पदराखाली झाकायच्या, डॉक्टरांनी निजलेलं बघू नये म्हणून. रूपावर तोंडसुख घ्यायचं असलं तरी आधी माझ्यावर पदर. रूपा हसून हसून बेजार व्हायची. म्हणायची, अत्या, आता डॉक्टरांना कळायलंय तुम्ही किती गुणाच्या ते. खंडेनवमीला घरातले विळे, कुदळ, लोकर कातरायची कातर, नागराजची मोटारसायकल यांची पूजा झाली, तेव्हा रूपाने मलाही हळदकुंकू लावलं. कुंकवाचे कण पट्ट्याच्या बकलात जाऊन बसले. मला गुदगुल्या झाल्या आणि छातीही फुगली. हिरवा दिवा लुकलुकला की म्हातारी खुश व्हायची, म्हणायची, बघायलेत बघा.

इथवरचं सांगताना मला बरं वाटतं. पुढचं सांगताना वाटत नाही.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. सुगंधाबाई बांधाकडेने मेंढरं वळवून आणत होत्या. एकाएकी त्यांच्या काळजाचा ताल बिघडला. ठोके आडवेतिडवे पडायला लागले. मनगटाला गार घाम सुटला. त्या बांधावरच बसल्या आणि डावा हात उजव्या हाताने उचलून मला तोंडासमोर धरलं. किती वेळ तरी धरलं. तोंडाने एक शब्द काढला नाही, नुसतं मला दाखवत राहिल्या. मी सगळं टिपत होतो. टिपण्यापलीकडे मला काय येत होतं? त्या वेळी एकदा तरी थरथरता आलं असतं, निदान बाजूच्या रानातल्या बाईचं लक्ष वेधता आलं असतं, तर माझ्या जन्माचं सोनं झालं असतं.

रूपा पेंढ्या टाकून धावत आली. पाणी पाजलं, पाठ चोळली. तिने तिथल्या तिथे ठरवलं होतं, भालकीच्या दवाखान्यात न्यायचं. सुगंधाबाईंनी तिला गप्प केलं.

"कामून घाबरायलीस? डॉक्टर बघायलेत की. काही असतं तर फोन आला नसता का?"

रूपाने नागराजला फोन लावला. तोही बिचारा तेच म्हणाला, मशीन लावलंय म्हटल्यावर त्यांना कळणारच. रूपाच्या मनातून जात नव्हतं. दीपमालाला विचारू का, असं तिने दोनदा काढलं, पण सासूने हाणून पाडलं. एवढी मोठी माणसं आपल्यासाठी बसली आहेत, त्यांच्या मागे किती लागायचं, असं त्यांचं म्हणणं. मग त्या दिवसभर घरात पडून राहिल्या आणि फोन मात्र उशाशी ठेवायला लावला. फोन वाजला की आधी माझ्याकडे बघायच्या. फोन कुणाकुणाचे यायचे, पण जो यायला हवा होता तो यायचा कुठून? त्यांचं दुखणं माझ्या पोटात होतं आणि मी त्यांच्याच मनगटावर.

अंगातलं बळ दिवसागणिक कमी होत गेलं. चालताना धाप लागायची. जिथे धाप लागेल तिथे उभं राहून त्या मला वर धरायच्या. आणि एका सकाळी मेंढरांच्या वाड्याचं दार उघडता उघडता त्या खाली कोसळल्या.

शेजाऱ्यांनी जीपमध्ये घातलं. भालकीला सुई टोचून लगेच बिदरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पट्ट्या लावून काळजाचा कागद काढला, मला हातातून सोडवलं आणि रूपाच्या ओंजळीत दिलं. मग त्यांनी विचारलं, आधी एकदा झटका येऊन गेलाय, इतके दिवस आणलं का नाही? रूपाने ओंजळीतल्या मला पुढे केलं.

"ते बघायलते की," ती म्हणाली.

"कोण बघत होतं?"

रूपाने माझ्याकडे बघितलं. तिच्या ओंजळीत माझा हिरवा दिवा उगाचच लुकलुकत होता. मला त्या दिव्याची लाज वाटली.

सुगंधाबाई वाचल्या. पण काळजाचा बराच भाग कामातून गेला. वेळेवर आल्या असत्या तर तो राखता आला असता, असं डॉक्टर नागराजला म्हणाले. मेंढरं विकून टाकली. म्हातारी ओसरीच्या खाटेवर बसून रिकाम्या वाड्याकडे बघत राहायची.

महिना भरला तेव्हा दीपमाला नेहमीसारखी आली. घडलं ते रूपाने दारातच सांगितलं. तिने भांडण काढलं नाही, तेच दीपमालाला जास्त लागलं असावं. ती खाटेजवळ खाली बसली. सुगंधाबाईंनी तिचा हात हातात घेतला, आणि मित्रांनो, त्यांनी काय विचारलं माहीत आहे? त्या दिवशी डॉक्टर जेवायला गेलते का, असं विचारलं. वर स्वतःच म्हणाल्या, लई गावं असतील बाई, माझी पाळी आली नसंल, त्यांना बोल लावू नको.

दीपमालाने 'व्हय' म्हटलं असतं तर म्हातारीचं समाधान झालं असतं. एक शब्द आणि सुटका. मी रूपाच्या हातात होतो आणि श्वास रोखून ऐकत होतो, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता. दीपमालाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मावशी, कोणीच बघत नव्हतं. मी त्या दिवशी घाईत खोटं बोलले."

सुगंधाबाईंनी तिचा हात सोडला नाही. रागावल्याही नाहीत. त्यांनी आपल्या उघड्या मनगटाकडे बघितलं.

"मग इतके दिवस मी कोणाला दाखवायलते?"

मला आजवर लोकांनी पुष्कळ प्रश्न विचारले, किती वाजले, किती चाललो, किती झोपलो. त्या सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे होती.

मग मी कलबुर्गीला परत गेलो. माझ्या पोटातलं सगळं काढून घेतलं आणि मला पुसून कोरं केलं. अभ्यासाच्या दृष्टीने ती नोंद मोलाची होती म्हणे. दीपमालाने साहेबांपुढे सगळं कबूल केलं आणि आमची थरथर सुरू करा असा हट्ट धरला. ते वरच्यांना विचारावं लागेल, असं उत्तर मिळालं. अजून विचारणंच चाललंय.

पुढे तिने मला आळंद तालुक्यात मादन हिप्परग्याच्या कोंडाबाईंकडे नेलं. या वेळी साहेबही सोबत होते, कारण दीपमाला खरं सांगू लागल्यापासून तिच्या गावांतून घड्याळ बांधून घ्यायला नकार वाढले होते. कोंडाबाईंनी हात पुढे केला आणि तोच प्रश्न विचारला. साहेब दीपमालाकडे बघत होते. बकलातलं कुंकू तिच्या अंगठ्याला लागलं होतं. पुसून कोरं करणाऱ्यांना तेवढं काढता आलं नव्हतं.

"कोणी बघत न्हाई, मावशी. हे नुसतं लिहून ठेवतंय. छातीत दुखलं, दम लागला, तर ह्याच्याकडे बघत बसायचं न्हाई. दवाखान्यात जायचं."

साहेबांनी घसा खाकरला. कोंडाबाईंनी हात मागे घेतला. गेलंच हे घर, असं मला वाटलं. पण म्हातारी उठली, चुलीपुढून सुनेला बाहेर बोलावलं, आणि दीपमालाला म्हणाली, आता हेच हिच्यासमोर पुन्हा एकदा सांग. दीपमालाने पुन्हा सांगितलं. मग कोंडाबाईंनी मला बांधून घेतलं.

तेव्हापासून मी इथे आहे. देवाच्या फळीवर माझी जागा नाही, चहाच्या डब्याशेजारी आहे. मला तेच बरं वाटतं.

मित्रांनो, आम्हाला जरूर वापरा. आमच्याकडून शिकलेल्या मंडळींना जे कळेल, त्याने पुढे कुणाचा तरी जीव वाचेल. पण आमच्या उजेडाला डोळा समजू नका. आणि कुणी म्हातारं माणूस विचारेल की कोणी बघतंय का, तर घाईत उत्तर देऊ नका.

सुगंधाबाईंची खबर मला दीपमालामुळे कळते. ती भालकीकडे गेली की त्यांच्या ओसरीवर जाऊन येते. म्हातारीची सवय अजून सुटलेली नाही म्हणे. छातीत जरा आवळलं की तोंडाने काही बोलत नाहीत, पण उघडं मनगट तसंच वर धरतात. फक्त आता हात वर गेला, की रूपा हातातलं काम टाकून येते आणि विचारते, "अत्या, दुखायलंय का?"