वरच्या गाडीतली किल्ली

“खिशात बघ म्हटलं ना!”

“बघतोय की, हॉइट. ओरडू नकोस, मासे पळतील.”

“मासे गेले खड्ड्यात! किल्ली कुठाय?”

मर्लचे हात थबकले. “तुझ्या गाडीत. कॉफीच्या पेल्याशेजारी.”

ओझार्कच्या डोंगरांतल्या नदीतून दिवसभर वाहत आलेल्या दोन्ही कयाक, एकेकट्याने वल्हवायच्या निमुळत्या होड्या, पुलाखालच्या गोट्यांवर निपचित पडल्या होत्या. समोर मर्लची गाडी कुलूपबंद उभी होती, आणि हॉइटची राहिली होती कित्येक मैल वर, सकाळी ते पाण्यात उतरले तिथे. एक गाडी आधी खाली ठेवायची, मग दुसरीने वर जायचं. इतकी वर्षं हा रिवाज मर्लनेच सांभाळला होता.

हॉइटचा संताप सकाळपासून साचत होता. मर्ल आमिषांचा डबा घरी विसरला होता, एकच किस्सा पुन्हापुन्हा सांगत होता. तरीही सिकॅमोरच्या झाडाच्या सावलीत, खडकाआडच्या संथ पाण्यात त्याने गळ असा टाकला, की पाण्यावर ओरखडाही उमटला नाही. आणि कांस्यवर्णी स्मॉलमाउथ बास मासा उसळून वर आला. त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरत मर्ल म्हणाला होता, “जा रे बाबा. तुला तरी घर ठाऊक आहे.”

आता तो गोट्यांवर बसला. “नडीनला नको सांगूस. हिवाळ्यात शेगडी चालू राहिली, तेव्हाच ती म्हणाली, आणखी एकदा विसरलास की कयाक विकून टाकते.”

“मग काय चालत जाऊ? या गुडघ्यांनी?”



हॉइटने आयुष्यभर शाळेची बस चालवली. प्रत्येक बाकाखाली वाकून पाहिल्यावाचून तो कधी उतरला नाही. त्याच्या बसमध्ये कुणाची टोपीसुद्धा मागे राहिली नाही, एवढीच काय ती त्याची गावातली कीर्ती. चरफडतच त्याने मर्लच्या बायकोला फोन लावला.

“नडीन, न्यायला ये आम्हाला. किल्ली वरच्या गाडीत राहिली... नाही गं, त्याने माझ्याकडे दिली होती. मीच विसरलो.”

“तू?” ती खळखळून हसली. “हॉइट, म्हातारा झालास की रे! सांगते आता सगळ्यांना.”

“सांग.”

मर्ल त्याच्याकडे बघत राहिला. “मी दिली होती तुला?”

“दिली होतीस.”

मर्लचा चेहरा हळूहळू निवळला. “तरी म्हटलं! अरे, जरा लक्ष ठेवत जा, हॉइट. दर वेळी मीच किती बघायचं?”

हॉइटने दात आवळले. मग जुन्या सवयीने तो दोन्ही कयाकमध्ये वाकून, मागे काही राहिलं का, ते पाहू लागला.