मुकादमाचा वारस

मुकादम मेला त्याच दिवशी डॉक्टरांनी मास्तरांच्या बायकोचा कित्येक वर्षं अंधुक होत आलेला दुसरा डोळाही गेल्याचं सांगितलं होतं. मास्तर म्हणजे शिवणकाम करणारे टेलर मास्तर, आणि मुकादम म्हणजे त्यांचा बोटभर झेब्रा फिंच पक्षी. लाल चोच, नारिंगी गाल, आणि दिवसभर पिंजऱ्यातल्या सगळ्यांवर ओरडायची सवय, म्हणून हे नाव. त्याचा आवाज थेट खेळण्यातली पिपाणी. पहिला डोळा गेल्यापासून बाईंची सकाळ त्या पिपाणीने उजाडायची.

एका दिवसाला एवढं पुरे, असं मास्तरांनी ठरवलं. मुकादमाला त्यांनी मागच्या कुंडीत पुरलं, हात धुतले आणि बाईंना सांगितलं, "पिसं गाळतोय. पिसं गाळताना ही पाखरं गात नाहीत."

यात खोटं काही नव्हतं. पिसं गाळताना ती खरंच गात नाहीत. फक्त मुकादम पिसं गाळत नव्हता.

मुकादमाच्या मादीने दुसऱ्या दिवशी तीन अंड्यांवरून अंग काढून घेतलं. मास्तरांनी ती चमच्याने उचलून शेजारच्या पिंजऱ्यातल्या सोसायटी फिंचच्या घरट्यात ठेवली. ही तपकिरी-पांढरी जोडी इतकी भाबडी, की कोणाचीही अंडी द्या, आपलीच समजून बसते. मास्तरांचा हिशोब साधा होता. तिघांत एक तरी नर निघेल, मोठा होईल, बापाच्या दांडीवर बसून बापासारखा ओरडेल, आणि बाईंना कशाचा पत्ता लागणार नाही. उसवलेली जागा शिवून वर शिवण दिसू द्यायची नाही, यातच त्यांची हयात गेली होती.

पिल्लं निघाली, तिन्ही जगली. मास्तर उकडलेलं अंडं कुस्करून आणि राळा भिजवून वाटीत ठेवत, दिवसातून तीनदा वाटी बदलत. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, वाटी आंबता कामा नये. तीन आठवड्यांनी पिल्लं घरट्याबाहेर आली. तिन्ही राखाडी, तिन्ही काळ्या चोचीची, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. नर ओळखायचा तो गालावरच्या नारिंगी ठिपक्याने आणि छातीवरच्या काळ्या पट्टीने. तो ठिपका काही येईना.

इकडे बाई रोज विचारत. पिसांचं कारण सहा आठवडे पुरलं. मग मुकादम रुसला. मग त्याचा घसा बसला. एकदा मास्तरांनी दाराआड उभं राहून स्वतःच पिपाणीचा आवाज काढून पाहिला. बाई आतून म्हणाल्या, "अहो, सर्दी झालीय का तुम्हाला?"

सुई ओवायचं भिंग घेऊन मास्तर रोज सकाळी गाल तपासत. सगळ्यात दांडग्या पिल्लावर त्यांची भिस्त होती. त्याची चोच नारिंगी झाली, गाल कोरे राहिले. मादी. दुसरंही तसंच. उरलं ते मरतुकडं, घरट्यातून दोनदा पडलेलं. त्याच्या डाव्या गालावर एके दिवशी टाचणीच्या डोक्याएवढा नारिंगी ठिपका उगवला, आणि मास्तरांनी त्या आनंदात एका गिऱ्हाइकाच्या पँटला तीन पाय कापले.

महिन्याभरात पट्टीसकट सगळं उमटलं. बापाची हुबेहूब नक्कल. मास्तरांनी त्याला बापाच्या पिंजऱ्यात सोडलं. बाई खुर्चीत बसून चाचपून बटणं निवडत होत्या. पिल्लू दांडीवर चढलं, छाती फुगवली आणि गायला लागलं. पिपाणी नव्हती ती. गळ्यातल्या गळ्यात खरखरणारं, लांबलचक गाणं होतं.

बाईंचा हात थांबला. "हा मुकादम नव्हे."

"त्याचाच मुलगा आहे."

"मग शेजारच्या पिंजऱ्यातल्यासारखा का गातोय?"

मास्तरांनी दोन्ही पिंजऱ्यांकडे पाहिलं. पिल्लू गाणं शिकतं ते वाढवणाऱ्याकडून. बावीस वर्षं पाखरं पाळली, पण दर वेळी पिल्लं आपापल्या बापाजवळच वाढली होती, त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नव्हता. त्यांनी चोच पाहिली, गाल पाहिला, छाती पाहिली. गाणं त्यांनी गृहीत धरलं होतं.

"कधी गेला?" बाईंनी विचारलं.

"डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी. तुला त्याच दिवशी कसं सांगणार होतो?"

"दुसऱ्या दिवशी सांगायचं."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाखरू मरतं हो," बाई म्हणाल्या. "पण मला आता तुमच्याच डोळ्यांनी दिसतं. त्यांनीही खोटं दाखवलं तर मी कुठे जाऊ?" त्यांनी बटणांची वाटी बाजूला ठेवली. "कोपऱ्यावरचं झाड आहे ना?"

मास्तरांनी पिंजऱ्याची कडी उगाच पुन्हा लावली.

"अहो."

"तोडलं. दोन महिने झाले."

"परवा पालवी फुटली म्हणालात."

"म्हणालो."

बाईंचा हात डोक्याकडे गेला. "आणि केस? अजून काळे आहेत म्हणता ते?"

"पांढरे झालेत."

"किती?"

"सगळे," मास्तर म्हणाले.

बाई बराच वेळ केसांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसा इथे. सगळं सांगा. काही वगळू नका."

मास्तरांनी मशीनसमोरचं स्टूल ओढून त्यांच्याजवळ आणलं आणि खिडकीबाहेर जे दिसत होतं तिथपासून सांगायला सुरुवात केली.