व्हर्लिनचा फोन येत नाही

मार्लिसने हेडफोन कानांवर नीट बसवले आणि काचेपलीकडे यंत्रं सांभाळणाऱ्या ग्लेनकडे पाहून भुवई उंचावली. ग्लेनने फोनवर ताटकळणाऱ्यांची नावं पुन्हा एकदा वाचली आणि मान हलवली. आजही व्हर्लिन नव्हता.

"चला, पुढचे श्रोते," ती माईकमध्ये म्हणाली. "बोला."

श्रोता बोलला नाही, ओरडला. आता तुमच्यासारख्यांनी सामान बांधावं आणि कॅनडाचा रस्ता धरावा, म्हणाला. त्याच्यानंतरच्या बाई रडत होत्या. जानेवारीत शपथविधी झाला की सगळं संपलंच, आपण सख्ख्या बहिणीला नाताळला घरी बोलावणार नाही, कारण तिने निवडून आलेल्यांना मत दिलं. मार्लिसने दोघांचंही ऐकून घेतलं. ग्लेनने हळूच चीज कारखान्याची जाहिरात लावली.

पश्चिम विस्कॉन्सिनच्या त्या छोट्या स्टेशनवर 'कॉफी आणि कटकट' रोज सकाळी नऊला लागायचं. निवडणूक आणि शपथविधी यांच्या मधले दिवस म्हणजे एरवी कार्यक्रमाचा सुगीचा काळ. कोणाला कुठलं खातं मिळणार, कोणाचा पत्ता कापला, कोण रुसलंय, यावर वाद घालायला लोकांना उत्साह असे. आणि त्या वादात पहिला फोन ठरलेला. गावाबाहेरचा गायीवाला व्हर्लिन सोलबर्ग.

"मार्लिसबाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" अशी त्याची सुरुवात असायची.

"आहे. तुमचं कुठे ठेवलंत?" असं तिचं उत्तर.

कर, आयातीवरची जकात, कॅनडातलं दूध, अध्यक्षांनी किती सुट्ट्या घ्याव्यात, कशावरही त्यांचं एकमत झालं नव्हतं. किराणा दुकानात लोक तिला थांबवून विचारत, आज व्हर्लिनने तुम्हाला चांगलंच पकडलं, नाही का? पण त्याने कधी शिवी दिली नव्हती, आणि तिने कधी त्याचा फोन मध्येच तोडला नव्हता.

या वेळी व्हर्लिनचा उमेदवार जिंकला. मार्लिस तयारीत होती. तो काय काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणायचं, हे तिने मनात घोळवून ठेवलं होतं. आणि निकालाच्या सकाळपासूनच त्याचा फोन येणं बंद झालं. आधी तिला सुटल्यासारखं वाटलं, मग राग आला.

"जिंकलं की माणसाला बोलायची गरज उरत नाही बहुतेक," ती ग्लेनला म्हणाली.

"उरत नसेल," ग्लेन म्हणाला. थोड्या वेळाने वायर गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "बरा आहे ना पण तो? सत्तरी ओलांडली त्याने."

ते तिच्या डोक्यातून जाईना. नाताळ होऊन गेल्यावर एका दुपारी तिने गाडी काढली.

शेताकडचा रस्ता बर्फ बाजूला सारून मोकळा केलेला होता. दार व्हर्लिनच्या बायकोने, आर्डिसने उघडलं. तिने मार्लिसकडे नीट पाहिलं आणि ती मोठ्यांदा हसली.

"तुम्ही न्यायला आलात का त्याला? न्या हो न्या. रोज सकाळी नऊ वाजले की आता माझ्याशी भांडतो. मला राजकारणातलं काही कळत नाही म्हटलं, तरी सोडत नाही."

व्हर्लिन स्वयंपाकघरात बसून कसलीशी मोटर खोलत होता. रेडिओवरच्या आवाजावरून मार्लिसने मोठा दांडगा माणूस कल्पिला होता. हा बारीक होता आणि कानावरचे केस पिंजारलेले. तो गडबडीने उठला, तेलाचे हात पँटला पुसू लागला. टेबलावरचे स्क्रू त्याने एका बशीत गोळा केले आणि बशी कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.

"तुम्ही आजारी आहात असं वाटलं मला," मार्लिस म्हणाली.

"मी? छे."

"मग फोन का नाही?"

आर्डिसने कॉफी ओतली. व्हर्लिन कपाकडे बघत राहिला.

"आमचे जिंकले ना," तो म्हणाला. "फोन करणारच होतो. निकालाच्या दिवशी ट्रॅक्टरवर होतो मी, रेडिओ लावून. तुम्ही हवामान सांगायला लागलात आणि मध्येच थांबलात. आवाज कापत होता तुमचा. मी इंजिन बंद करून ऐकलं. म्हटलं, बाईंना फार लागलंय. अशा वेळी फोन करून काय सांगायचं, बघा आम्ही जिंकलो? बरं दिसलं नसतं ते."

"आणि नंतर?"

"नंतर रोज तेच. तुम्ही बोलायच्या, पण जोर नव्हता. मला वाटलं, आहे अजून दुखणं."

मार्लिसने कप उचलला आणि न पिताच ठेवला. खिडकीबाहेर दोन गायी पाठीवर बर्फ घेऊन निमूट उभ्या होत्या.

"रॉय कसा आहे?" विषय बदलावा म्हणून आर्डिसने विचारलं. "बऱ्याच दिवसांत दिसला नाही गावात."

रॉय म्हणजे मार्लिसचा नवरा. उभी हयात त्याने दुधाचा टँकर चालवला होता. व्हर्लिनच्या वडिलांच्या गोठ्यावरूनही तो दूध न्यायचा.

"रॉय उन्हाळ्यापासून वृद्धाश्रमात आहे," मार्लिस म्हणाली. "नदीकाठच्या. विसरायला होतं त्याला. मी कोणाला सांगितलं नाही." तिने बोट कपाच्या काठावरून फिरवलं. "कार्यक्रमाला जाताना मी रोज तिथे थांबते. त्याचा रेडिओ लावून देते आणि मग स्टेशनवर जाते. त्या दिवशीही गेले. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, 'तुम्ही इथे नवीन आलात का?'"

आर्डिसने हातातली किटली खाली ठेवली.

"म्हणजे निवडणुकीचं नव्हतं ते," व्हर्लिन म्हणाला.

"निवडणुकीचंही होतं. पण ते दुःख मला दुपारी झालं."

आर्डिसला हसू आलं, आणि लगेच तिने डोळे पुसले. व्हर्लिन मात्र आपण काही मोडून ठेवलं असावं तसा बसून राहिला. निघताना तो गाडीपर्यंत सोडायला आला, काचेवरचा बर्फ त्याने बाहीने झाडला.

"उद्या फोन करा," मार्लिस म्हणाली. "शपथविधी झाला की हा कार्यक्रम बंद करावा, असं माझ्या मनात आहे. निदान तोवर तरी करा. नुसती शिवीगाळ ऐकून कंटाळा आलाय मला."

"बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ग्लेन रोज मान हलवत राहिला. आपण त्यांच्या घरात जाऊन नको ते बोललो, असं मार्लिसला वाटू लागलं. राजकारणावर भांडणं सोपं असतं. त्या माणसाला उगाच दुसऱ्याच्या दुःखात ओढलं.

जानेवारीच्या मध्यावर नव्या मंत्र्यांच्या सुनावण्या सुरू झाल्या. कृषिमंत्रिपदासाठी ज्यांचं नाव पुढे आलं होतं, ते एका बड्या बियाणे कंपनीतले गृहस्थ. सिनेटच्या समितीपुढची त्यांची सुनावणी स्टेशनने थेट लावायची ठरवली, म्हणून त्या दिवशी 'कॉफी आणि कटकट'ला सुट्टी मिळाली. सकाळी रेडिओ लावून देऊन घरी परतलेली मार्लिस थोडा वेळ हातात काम नसल्यासारखी फिरली आणि पुन्हा कोट घालून वृद्धाश्रमाकडे निघाली.

"बरं झालं आलात," दारातली नर्स म्हणाली. "जरा समज द्या त्या दोघांना. शेजारच्या खोलीतल्या आजीबाई तक्रार करतायत."

"कोणत्या दोघांना?"

"रॉय आणि ते गायीवाले. तुम्ही गेलात की येतात. नऊला तुमचा कार्यक्रम लागला की दोघांची जुंपते, ती दहापर्यंत. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

मार्लिस व्हरांड्यातून हळू चालत गेली. दार अर्धवट उघडं होतं. टीव्हीवर उमेदवार गृहस्थ पाण्याचा घोट घेत होते. खाटेच्या कडेला रॉय ताठ बसला होता, गाल लाल झालेले. कित्येक महिन्यांत त्याला इतका जागा तिने पाहिला नव्हता. समोर खुर्चीत व्हर्लिन, गुडघ्यावर टोपी.

"चांगला माणूस आहे," व्हर्लिन टीव्हीकडे बोट करून म्हणत होता. "हिशेबाला पक्का आहे."

"त्याला गाय आणि बैल यांतला फरक सांगता येणार नाही," रॉय म्हणाला. "रेडिओवरच्या बाईंनी कालच सांगितलं."

"त्या बाई! त्यांना काय कळतंय?"

रॉयने बोट उगारलं. "ए, बाईंबद्दल नीट बोल. रोज ऐकतो मी त्यांना. हुशार आहेत त्या."

"असतील," व्हर्लिन म्हणाला, "पण चुकतात."

"तू चुकतोस."

तेवढ्यात व्हर्लिनची नजर दाराकडे गेली. तो उठला. तोंड उघडून त्याने काही सांगायचा प्रयत्न केला, पण मार्लिसने मान हलवली, तशी त्याने खुर्ची तिच्यासाठी पुढे सरकवली. स्वतः रेडिएटरला टेकून उभा राहिला.

रॉयने तिच्याकडे पाहिलं. अनोळखी पाहुण्याकडे बघून हसावं तसा तो सभ्यपणे हसला.

"या, बसा," तो म्हणाला. "तुम्ही कोणाच्या बाजूच्या? ह्याच्या की माझ्या?"

मार्लिसने कोटाची बटणं काढली. बोटं गारठली होती, म्हणून वेळ लागला. कोट मांडीवर घेऊन ती बसली.

"तुमच्या," ती म्हणाली.

रॉय खूश होऊन व्हर्लिनकडे वळला.

"बघ," तो म्हणाला, "आता आम्ही दोघं झालो."