हत्ती की खार

सात वर्षं घरी काढून ती पुन्हा नोकरीला लागली, तेव्हा तिच्या जुळ्या मुली दुसरीत गेल्या होत्या आणि सासूबाईंचा मोडलेला पाय पुन्हा धड झाला होता. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, माणसं इनमीन बारा. फिजिओथेरपीच्या दवाखान्यांसाठी ते एक प्रोग्रॅम चालवत. कोणत्या रुग्णाला कधी बोलवायचं, कोणाचा गुडघा किती वाकतोय, कोणी व्यायामाला दांडी मारली, सगळं त्यात नोंदलेलं. पहिल्याच दिवशी सगळे तिला ताई म्हणायला लागले आणि ती बिचकली. ताई म्हणजे वयाने मोठी, आणि वयाने मोठी म्हणजे जाणकार. तिला तर इथल्या निम्म्या गोष्टींची नावंसुद्धा नवी होती.

त्या प्रोग्रॅमला आता दहा वर्षं झाली होती. त्याला इतकी ठिगळं लावलेली की एक ओढलं की दुसरं उसवायचं. साहेबांनी ठरवलं, सगळा नव्याने लिहायचा. पण कशात? असं काम कोणी शून्यापासून करत नाही; एखादा तयार सांगाडा घेतात, त्याला फ्रेमवर्क म्हणतात, आणि त्यावर आपलं बांधकाम करतात. ऑफिसात दोन सांगाड्यांची चर्चा होती. एक जुना, भारदस्त, संथ. त्याला सगळे हत्ती म्हणत. दुसरा नवा, हलका, तुरुतुरु पळणारा, ती खार.

हत्तीच्या बाजूने दाढी. हा ऑफिसातला सगळ्यात जुना प्रोग्रॅमर. विचार करताना दाढी कुरवाळायची सवय, म्हणून ते नाव. खारीच्या बाजूने चष्मेवाली. दोन वर्षांपूर्वी आलेली, हुशार, आणि तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की समोरच्याने खुर्ची ओढून बसावं हे बरं. पंधरा दिवस दोघांची रोज जुंपत होती. लोकांनी नेटवर खारीला घातलेल्या शिव्या दाढी शोधून आणायचा, हत्तीला घातलेल्या चष्मेवाली. दाढी चहाच्या मशीनपाशी आला की चष्मेवाली कप तसाच ठेवून निघून जायची, इथपर्यंत मजल गेली होती.

सोमवारी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं.

“ताई, दोन्हींची तुलना तुम्ही करायची. तीन आठवडे घ्या. शेवटी एकच नाव सांगा.”

“मी? पण मला दोन्ही येत नाहीत.”

“म्हणून तर,” साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

ती तोंड पाडून जागेवर आली. म्हणून तर, म्हणजे काय? कामाच्या माणसांना मोकळं करता येत नाही, ही एक बिनकामाची रिकामी आहे, असाच तिने अर्थ लावला. संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मुलींच्या वह्यांना कव्हरं घालत बसला होता.

“आईच्या पायासाठी डॉक्टर शोधलास तेव्हा तुला हाडांतलं काय कळत होतं?” तो म्हणाला. “ज्यांचे पाय मोडले होते, त्यांनाच गाठलंस की. एकेकाला इतके प्रश्न विचारलेस, मला वाटलं आता कोणीतरी रागावणार.”

“एक बाई रागावल्याच होत्या.”

“पण डॉक्टर चांगला मिळाला.”

दुसऱ्या दिवशी तिने कंबर कसली. दोन्ही सांगाड्यांबद्दल लोकांनी लिहिलेले सव्वाशे अभिप्राय तिने एका जागी केले आणि वाचून तिचं डोकं भणभणलं. त्याच हत्तीला एक जण देवमाणूस म्हणत होता आणि दुसरा छळवादी. खारीचंही तेच. तेव्हा तिने चाळीस जणांना पत्रं टाकली, की तुमचा अनुभव तोंडी ऐकायचा आहे, पंधरा मिनिटं द्याल का. एकोणीस जणांनी होकार दिला.

पहिला फोन तिने मुद्दाम सगळ्यात चिडलेल्या माणसाला केला. बोटींच्या तिकिटांचा प्रोग्रॅम सांभाळणारे हे गृहस्थ. हत्तीला एक तारा देऊन त्यांनी पानभर आग ओकली होती.

“लिहिलं ते सगळं खरं आहे,” ते शांतपणे म्हणाले. “सुरू व्हायला वेळ लावतो, चार ओळींच्या कामाला चाळीस ओळी लिहायला लावतो.”

“मग आता काय वापरता?”

“हत्तीच. सहा वर्षं झाली.”

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “पण तुम्ही तर एक तारा दिलाय.”

“अहो, माणूस तक्रार करतो ती रोज घरात असतो त्याची. ज्याच्याशी संबंध संपला त्याच्याबद्दल कोण पानभर लिहीत बसणार?”

तिने हसू दाबत ते जसंच्या तसं वहीत उतरवलं.

दुसरा फोन खारीला पाच तारे देणाऱ्या बाईंना. त्या एका फुलांच्या दुकानाची वेबसाइट बघायच्या. “हो हो, फार गोड आहे खार,” त्या म्हणाल्या. “एका शनिवारी शिकले आणि रविवारी अभिप्राय लिहिला. पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती आली आणि माझं केलेलं सगळं कोसळलं. मग दिलं सोडून. पण तो अभिप्राय काढायचा राहिला बघा.”

त्या दिवशी तिने आपल्या तक्त्यात एक नवा रकाना आखला: लिहिताना वापरून किती दिवस झाले होते? पुढच्या प्रत्येकाला विचारून ती तो भरत गेली आणि चित्र पालटलं. खारीची स्तुती बहुतेक पहिल्या महिन्यातली. हत्तीला शिव्याही पहिल्याच महिन्यातल्या, आणि त्यानंतर दोन-चार वर्षांनी आलेला कुरकुरता, पण न सोडणारा सूर. तिला वाटलं, झालं काम. पण सतराव्या फोनने त्यावर पाणी फिरवलं. एका ग्रंथालयातल्या दोघी बहिणी तीन वर्षं खारीवर सुखाने काम करत होत्या. “नवी आवृत्ती आली की आम्ही सहा महिने तिच्याकडे बघतसुद्धा नाही,” थोरली म्हणाली. “दुसऱ्यांना आधी आपटू दे.” म्हणजे निकाल सांगाड्यावर जितका, तितकाच तो वापरणाऱ्यावर होता.

मग आपली माणसं कशी आहेत, हे पाहायला हवं. तिने दाढीला आणि चष्मेवालीला समोरासमोर बसवलं आणि म्हणाली, “उद्या दिवसभर दोघांनी आपल्या प्रोग्रॅमची एकच स्क्रीन बनवायची. रुग्णाची वेळ बदलायची, एवढीच. फक्त तुम्ही खारीवर, आणि तू हत्तीवर.”

“ताई, ही शिक्षा आहे,” चष्मेवाली म्हणाली.

“असेल. मी शेजारी बसून लिहून घेणार आहे.”

त्या दिवशी ऑफिसात कोणाचं कामात लक्ष नव्हतं. दाढीने नऊ वाजता सुस्कारा टाकून खार उघडली, आणि अकराच्या आत त्याची स्क्रीन चालू लागली. तो कोणाला दिसणार नाही असा हसला, पण तिने ते टिपलं. चष्मेवाली दुपारपर्यंत हत्तीशी झुंजत होती. मग एके ठिकाणी ती अडली आणि हत्तीने पडद्यावर लाल अक्षरांत सांगितलं, अमुक ओळीत तुम्ही तारखेच्या जागी नाव लिहिलं आहे. चष्मेवाली ती ओळ बघत राहिली. “हे बरं आहे,” ती पुटपुटली. “खार असं काही सांगत नाही. नुसती बंद पडते.”

आणि तिसऱ्या आठवड्याच्या बैठकीत नवलच झालं. दाढी उठून खारीच्या वेगाचं कौतुक करायला लागला. चष्मेवाली त्याला अडवून हत्तीचे गुण सांगायला लागली. दोघांच्या लक्षात आलं तेव्हा दाढी अर्ध्या वाक्यात थांबला, आणि सगळी खोली इतकी हसली की साहेबांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“चला, पुन्हा बरोबरीत आलो,” साहेब म्हणाले. “ताई, आता तुम्हीच सांगा.”

तक्ता तिने सगळ्यांना वाटलाच होता. पण एक गोष्ट तिने कोणाला दाखवली नव्हती, कारण तिची तिला लाज वाटत होती. तीच स्क्रीन तिने स्वतःही करून पाहिली होती, दोन्हींवर, आणि जिथे जिथे अडली ते वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं होतं.

तिने वही उघडली. “खारीवर मला एक दिवस लागला,” ती म्हणाली. “त्या एका दिवसात मी हिला अकरा वेळा विचारायला गेले.”

“काही त्रास नाही झाला हो,” चष्मेवाली म्हणाली.

“तुला नाही झाला. हत्तीवर चार दिवस लागले. चार दिवस मी वैतागले, एकदा रडायचीच बाकी होते. पण कोणाला काही विचारलं नाही. जे अडलं ते त्यानेच सांगितलं, नाहीतर त्याच्या पुस्तकात सापडलं.” तिने वहीचं पान उलटलं. “आपल्याकडे दोन वर्षांत पाच जण गेले आणि सहा नवे आले. नवा माणूस येईल तो माझ्यासारखाच येईल, काही न कळणारा. त्या दिवशी ही रजेवर असली तर? माझं मत हत्तीला. आणि रोज सुरू व्हायला तो वेळ लावेल, त्याबद्दल तुम्ही मला बोल लावाल, तेही लिहून ठेवलंय.”

चष्मेवालीने हात पुढे केला. “ती मागची पानं मला द्या, ताई. नव्या माणसासाठी त्याचीच माहितीपुस्तिका करू. अकरा प्रश्न तर आयते मिळाले.”

दाढी दाढी कुरवाळत म्हणाला, “खार वाईट नव्हती हं पण.”

“ठरलं,” साहेब म्हणाले. मग तिच्याकडे वळून, “मी म्हणालो होतो ना, म्हणून तर. ज्याला येतं त्याला कुठे अडतं हे आठवत नाही.”

कान गरम झालेले तिला कळले. तीन आठवडे उगाच त्या दोन शब्दांवर कुढत बसले, असं तिच्या मनात आलं.

चार महिन्यांनी प्रोग्रॅमचा पहिला भाग एका दवाखान्यात बसवायला ती आणि चष्मेवाली गेल्या. काउंटरवरच्या मावशींनी चष्मा नाकावर सरकवला, दोन रुग्णांच्या वेळा बदलल्या, एक नवी दिली. बाहेरच्या बाकावर गुडघ्याला पट्टा बांधलेले एक आजोबा हे सगळं कौतुकाने बघत होते.

“हे कशात बनवलंय?” आजोबांनी विचारलं.

चष्मेवालीने तोंड उघडलं, पण मावशींनी तिला बोलूच दिलं नाही. “कशात का असेना,” त्या म्हणाल्या. “अक्षरं फार बारीक आहेत. ती आधी मोठी करा.”

“लिहून घेते,” ती म्हणाली, आणि काउंटरवरच वही ठेवून तिने विचारलं, “आणखी काय काय अडतंय, सांगा बरं सगळं.”

मावशींनी खुर्ची पुढे ओढली. सांगण्यासारखं त्यांच्याकडे बरंच होतं.