लिफ्टची फट

"आई, हात नको घालूस, बोटं अडकतील," असं मी म्हणेपर्यंत तिचं ऐकण्याचं यंत्र हॉस्पिटलच्या लिफ्टच्या दारातल्या फटीतून खाली गेलंसुद्धा. आणि आता ओरडून तरी काय उपयोग होता!

लिफ्टच्या घरघरीत ते यंत्र कानात शिट्ट्या मारायचं, म्हणून ती आत शिरतानाच ते काढून मुठीत धरायची. दाराशी काढू नकोस म्हणून मी सतरांदा बजावलं होतं. ऐकेल तर शपथ.

विमा कंपनीत अपघातांच्या शक्यता मांडून मी पोट भरतो. घरी मला सगळे 'टक्केवारी' म्हणतात. फट बोटाएवढी, यंत्र शेंगदाण्याएवढं. ते हातातून निसटावं, बरोबर फटीवर पडावं, तेही नेमकं आज! उभ्या उभ्या हिशेब केला. लाखात एक, फार तर. त्याने डोकं आणखीच तापलं. कारण वर बाबा शेवटच्या घटका मोजत होते, आणि काय बोलायचं ते आजच बोलून घ्या, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं.

लिफ्टच्या मेकॅनिकच्या मी हातापाया पडलो. त्याचंही खरं होतं. ऑपरेशनचे पेशंट याच लिफ्टने न्यायचे, ते संपल्याशिवाय ती बंद करून खाली खड्ड्यात उतरता येणार नाही, म्हणाला. मी आईला खाणाखुणांनी समजावू लागलो, तर ती जिन्याकडे वळलीसुद्धा.

बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. ओठ दिसत नव्हते, आवाज तर मलाच कान देऊन ऐकावा लागत होता. आईने खुर्ची ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला. ते बोलतील ते तिच्या कानाशी ओरडून सांगायचं, म्हणून मी तिच्यामागे वाकून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने मास्कवर वाफ धरली.

"झाडांना पाणी घातलंस?" बाबांनी विचारलं.

जाता जाता माणसाने बोलावं काय, तर झाडं! मला भडभडून आलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात आईच म्हणाली, "घातलं हो. गुलाब तेवढा रुसलाय."

तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. याचा हिशेब कुठून सुरू करायचा, तेच मला कळेना.

मास्कवर पुन्हा वाफ आली. या वेळी मलाही काही ऐकू आलं नाही. आईने मात्र मान डोलावली.

"ठेवते ना सावलीत," ती म्हणाली.

मी बाहेर आलो आणि दार हलकेच लोटून घेतलं.